फिस्कारणारं तिसरं पिल्लू आणि दोन सख्खी भावंडं: फॉस्टर करताना गट्टी कशी जमवायची

तर प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा दिवसांपूर्वी घरी मांजराची दोन सख्खी पिल्लं आली, साधारण पाच आठवड्यांची, आई सापडलीच नाही. आठवडाभराने तिसरं आलं, दुसऱ्याच ठिकाणचं, एकटं, सहा आठवड्यांचं असेल म्हणतात. ते आल्या आल्या सोफ्याखाली गेलं ते गेलंच, तीन दिवस झाले, हात घातला की फिस्कारतं आणि त्या दोघांवरही फिस्कारतं. त्या दोघांतलं एक सारखं दुसऱ्याच्या पोटाखाली तोंड घालून चोखत बसतं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की एवढा जीव लावायचा आणि मग दुसऱ्याच्या घरी द्यायचं, तर पिल्लं मनाने खचत नाहीत का.

मी चौदा वर्षं फॉस्टर करतेय, म्हणजे बेवारस पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळतेय, किती पिल्लं घरातून गेली ते मोजणं केव्हाच सोडलंय. एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. सुरुवातीला मला वाटायचं की पिल्लाला माझा लळा लागला, मी उठले की माझ्यामागे यायला लागलं, की झालं आपलं काम. मग असं पिल्लू नव्या घरी जायचं आणि तीन आठवडे कपाटामागे बसायचं. त्याला माझी सवय झाली होती, माणसांची झालीच नव्हती. आता माझा हिशोब वेगळा आहे. पिल्लाला माणूस नावाचा प्राणी बरा वाटला पाहिजे, कुठलाही माणूस, आणि दुसरं मांजरही बरं वाटलं पाहिजे. मी त्यात फक्त पहिली.

पण तुम्ही जे विचारलंच नाही ते आधी. ते तिसरं पिल्लू आत्ताच्या आत्ता वेगळ्या खोलीत न्या. वेगळी खोली नसेल तर बाथरूम चालेल, कोरडी करून. नवीन आलेलं पिल्लू कितीही ठणठणीत दिसलं तरी चौदा दिवस वेगळं ठेवायचं, वेगळी भांडी, वेगळा लिटर ट्रे (शी-शूसाठी भुसा-वाळू भरलेला ट्रे), त्याच्याकडून आलं की हात साबणाने धुवायचे आणि वरचा शर्ट बदलायचा. याचं मुख्य कारण पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, विषाणूने होणारा जीवघेणा आजार. तो अंगात असला तरी काही दिवस बाहेरून काहीही दिसत नाही. आणि त्याचा विषाणू फरशीवर, कापडावर एकेक वर्ष टिकू शकतो, सॅनिटायझरला तर दादच देत नाही. जागा आधी साबणाने साफ करून मग पातळ केलेलं ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग स्वच्छ पाण्याने पुसायचं आणि वास गेल्यावरच पिल्लू आत.

माझ्याकडून तिसऱ्या वर्षी हीच चूक झाली. चार पिल्लं घरात होती, खाऊनपिऊन मस्त, आणि पाचवं आलं ते इतकं गुबगुबीत होतं की तिसऱ्याच दिवशी मी त्याला चौघांत सोडलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत ते पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायला लागलं. पाणी पीत नव्हतं, नुसतं वाटीवर वाकून बसलेलं. मी म्हटलं तहान लागली असेल. ते चित्र अजून डोळ्यासमोर आहे, कारण नंतर कळलं की या आजारात पिल्लं अशीच बसतात. पाचातलं एक वाचलं. म्हणून तुमचं तिसरं पिल्लू आधीच त्या दोघांच्या हवेत तीन दिवस राहिलंय हे मान्य, तरी आजपासून वेगळं करा आणि तिघांनाही डॉक्टरांना दाखवा. जंत, पिसवा, लस आणि ल्युकेमियाची (मांजरांतल्या एका विषाणूची) टेस्ट या चारही गोष्टी विचारून घ्या. जंताचं औषध तर दोन आठवड्यांच्या वयापासून देतात, लस साधारण सहा-आठ आठवड्यांना सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे उलटेपर्यंत. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध चुकूनसुद्धा लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला मारून टाकतं.

आणि हे वेगळं ठेवणं गट्टीच्या आड येत नाही, उलट तुमच्या फिस्कारणाऱ्या बाळाला त्याचीच गरज आहे. पुढे येतेच.

आता सोफा. पिल्लू सोफ्याखाली आहे म्हणजे ते अख्ख्या घरात हरवलेलं आहे असं समजा. एवढ्याशा जिवाला दोन खोल्यांचं घर म्हणजे मैदान वाटतं, आणि मैदानात सापडलेला प्रत्येक प्राणी पहिल्यांदा भिंत शोधतो. तुम्ही वाकून हात घालता तेव्हा त्याला काय दिसतं विचार करा, अंधारात एक मोठा पंजा त्याच्याकडे येतोय आणि मागे जायला जागा नाही. मग ते फिस्कारणार नाही तर काय करणार. त्याच्याकडे दुसरं हत्यारच नाही. फिस्कारणं हा राग नसतो, "लांब राहा" एवढंच म्हणणं असतं, आणि ज्याला खरंच मारायचंय ते सांगत बसत नाही.

तर सोफा हळूच सरकवा, घरातल्या बाकीच्यांना बाहेर जायला सांगा, पिल्लावर एक जाडसर टॉवेल टाका आणि टॉवेलसकट उचलून कॅरिअरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीत. खेचाखेची नको, मानगूट धरून उचलणं तर नकोच. मग त्या छोट्या खोलीत, आणि त्या खोलीत जिथे जिथे आपला हात पोचत नाही त्या सगळ्या फटी बंद. लपायला जागा हवीच पण ती आपण दिलेली हवी. पुठ्ठ्याचा खोका, बाजूला दार कापलेलं आणि वरचं झाकण उघडता येईल असं. आत मऊ कापड. म्हणजे ते लपतंही आणि गरज पडली तर वरून उचलताही येतं. बऱ्याच जणांना वाटतं की मोकळं सोडलं की पिल्लू लवकर माणसाळेल, माझा अनुभव बरोबर उलटा आहे, जागा जितकी लहान तितकं काम लवकर.

पहिला दिवस काहीही करू नका. खायला ठेवा, तिथेच जमिनीवर बसा, पाठ थोडी वळवून, मोबाइल बघा, कुणाशी तरी हळू आवाजात बोला, वाचायचं असेल तर मोठ्याने वाचा. डोळ्यांत टक लावून बघू नका, मांजरांच्या जगात ते दमदाटीसारखं आहे. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश अर्धे मिटा आणि सावकाश उघडा. हे मांजरवेड्या लोकांचं खूळ आहे असं मीही म्हणायचे, पण २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी हे नीट तपासलं, आणि माणसाने असे डोळे मिचकावले की मांजरं उलट मिचकावतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळही जास्त येतात असं निघालं.

दुसऱ्या दिवसापासून चमचा. लांब दांड्याचा चमचा घ्या आणि त्यावर पिल्लांसाठीचं ओलं खाणं, पातळ पेस्टसारखं केलेलं, किंचित कोमट. कोमट यासाठी की मांजर वासावर जेवतं आणि थंड खाण्याला वास नसतो. सर्दीने नाक चोंदलेलं पिल्लू तर कोमट केल्याशिवाय तोंडही लावत नाही.

माझ्याकडे एक राखाडी पिल्लू होतं, वॉशिंग मशीनच्या मागे बसणारं, त्याला आम्ही खोक्यात आणलं तेव्हा त्याने पहिला दिवसभर माझ्या चमच्यावर पंजा मारला. मी चमचा हलवला नाही. हलवला असता तर त्याला कळलं असतं की पंजा मारला की हे निघून जातं, मग झालंच. फटका बसला तरी हात तिथेच थांबवायचा, पिल्लू जरा सैल पडलं की मग सावकाश मागे घ्यायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंजा मारताना त्याच्या नखाला पेस्ट लागली. त्याने नख चाटलं. थांबलं. परत चाटलं, मग मान लांब करून, मागचे दोन्ही पाय खोक्यातच घट्ट रोवून, चमच्याचं टोक चाटायला लागलं, कान अजून मागेच पडलेले, आणि फिस्कारणं चालूच होतं मधेमधे, म्हणजे एक घास खायचं, एकदा फिस्कारायचं, जणू जेवताना शिव्या. मला इतकं हसू येत होतं पण हसले असते तर गेलं असतं सगळं. मग रोज चमचा थोडा आखूड धरायचा, मग बोटावर, मग बोट आपल्या मांडीवर. पाचव्या दिवशी ते मांडीवर चढून खात होतं आणि खाताना घुरघुरत होतं, आणि मग मी दुसऱ्या हाताचं एक बोट त्याच्या गालाला लावलं. गाल किंवा हनुवटी, डोक्यावरून नाही. वरून येणारा हात म्हणजे घार.

उपाशी ठेवून माणसाळवायचं, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. एवढ्या लहान पिल्लाची साखर पटकन उतरते. साधं खाणं दिवसातून चार-पाच वेळा मिळालंच पाहिजे, फक्त जे सगळ्यात चविष्ट आहे ते आपल्या हातूनच मिळायला हवं. आणि बारा तासांत त्याने अजिबात तोंड लावलं नाही तर लाजतंय म्हणून वाट बघत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. गाईचं दूध ठेवलं असेल तर ते आजपासून बंद, जुलाब होतात आणि जुलाबाने पिल्लू एका रात्रीत वाळतं.

किती वेळ द्यायचा? ऐंशीच्या दशकात टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी बरंच काम केलं यावर. त्यांना दिसलं की दोन ते सात आठवडे हा काळ माणसाची सवय लागायला सगळ्यात सोपा, आणि रोज चाळीस मिनिटं हाताळलेली पिल्लं पंधरा मिनिटंवाल्यांपेक्षा माणसाजवळ जास्त थांबतात. चाळीस मिनिटं सलग नको हां, पाच-सहा वेळा आठ-दहा मिनिटं. तुमचं पिल्लू सहा आठवड्यांचं आहे म्हणजे वेळ आहे, भरपूर नाही पण आहे, मी तर दहा-बारा दिवसांत मांडीवर येईल असंच धरून चालले असते. आधी वय मात्र खात्री करून घ्या. उपाशी राहिलेलं पिल्लू लहान दिसतं आणि लोक वजनावरून वय सांगतात. दात बघा. पुढचे बारीक दात आणि सुळे साधारण तीन-चार आठवड्यांत येतात, त्यामागच्या लहान दाढा चार ते सहा आठवड्यांत. दाढा पूर्ण आल्या असतील आणि डोळ्यांचा निळा रंग जाऊन हिरवट-पिवळा झाला असेल तर ते आठ आठवड्यांचं असू शकतं, मग दिवस जास्त लागतील, हरकत नाही.

आणि काही पिल्लं जन्मतःच भित्री असतात हेही खरं. नव्वदच्या दशकात सँड्रा मॅक्यून यांनी दाखवलं होतं की बाप धीट असेल तर पिल्लं धीट निघतात, बापाने पिल्लांचं तोंडही न बघता. त्यामुळे दोघं भावंडं तुमच्या अंगाखांद्यावर खेळतायत आणि हे एक नाही, तर तुमचं काही चुकलंय असं अजिबात नाही.

टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरण्याबद्दल लोक फार विचारतात. लहान पिल्लांना ते चालतं, फक्त तोंड बाहेर, सैल गुंडाळलेलं, चमच्याने खायला देत देत, दोन-चार मिनिटं. पण पिल्लू धडधडतंय, तोंड उघडं टाकून श्वास घेतंय, किंवा एकदम दगडासारखं थिजलंय, तर लगेच सोडा. थिजलेल्या पिल्लाला लोक शांत झालं म्हणतात, ते शांत नसतं, त्याने हार मानलेली असते आणि दुसऱ्या दिवशी ते दुप्पट लांब बसतं.

आता पिल्लापिल्लांची गट्टी. त्या दोघांना एकमेकांचा वास पाठ आहे, एकत्र झोपून, चाटून, अंगाला अंग घासून त्यांचा एक सामायिक वास तयार झालाय आणि मांजरांसाठी घरचे म्हणजे तो वास असलेले. तिसऱ्याला तो वास नाही म्हणून ते उपरं. वेगळे ठेवलेले चौदा दिवस हा वास देवघेवीसाठी वापरता येतो, पण सांभाळून. त्या दोघांचं झोपायचं फडकं तिसऱ्याच्या खोलीत न्यायचं, तिसऱ्याचं फडकं त्यांच्याकडे मात्र डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्याशिवाय नाही, कारण वासाबरोबर आजारही प्रवास करतो. फडकं आधी नुसतं कोपऱ्यात, मग खाण्याच्या वाटीखाली. म्हणजे परका वास आला की जेवण येतं. दोन-तीन दिवसांत पिल्लू त्या फडक्यावर झोपलेलं दिसलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

दिवस पूर्ण झाले की दाराला जाळी किंवा मधे पिंजरा ठेवून दोन्हीकडे एकाच वेळी जेवण. आधी लांब, मग जवळ. फिस्कारणं होईल, होऊ द्या, जोवर दोन्हीकडे खाणं चालू आहे तोवर सगळं ठीक. मग एकत्र, दहा मिनिटं, आणि तेव्हा दोऱ्याची काठी हवीच, शक्यतो दोन काठ्या, दोन माणसं. खेळणाऱ्या पिल्लाला शेजारी कोण आहे हे बघायला वेळ नसतो. दोरा काम झालं की कपाटात बंद, पिल्लं दोरा गिळतात आणि मग आतड्याचं ऑपरेशन. दोन महिन्यांच्या आतली पिल्लं बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत एकमेकांना स्वीकारतात, मोठ्या मांजरांसारखे महिने लागत नाहीत.

खेळ आहे की भांडण हे ओळखायचं सोपं आहे. खेळ बहुतेक मुका असतो. वर-खाली अदलाबदल होते, आत्ता हा वर तर घटकेने तो, मधेच दोघंही थांबतात, अंग चाटतात, परत सुरू. एकच पिल्लू कायम खाली, किंचाळतंय, कान डोक्याला चिकटलेले, शेपटी बाटली साफ करायच्या ब्रशसारखी, आणि सुटल्यावर लपून बसतंय, तर मधे पुठ्ठा घाला, हात नाही, आणि दिवसभर वेगळे. दुसऱ्या दिवशी परत. याचीही एक गंमत आहे, एखादं पिल्लू डॉक्टरकडून परत आलं की सख्खं भावंडंही त्याच्यावर फिस्कारतं, कारण अंगाला दवाखान्याचा वास असतो. घाबरू नका, रात्रीतून उतरतं.

तुम्ही विचाराल की एवढा खटाटोप कशाला, ठेवू या तिसऱ्याला वेगळंच. नको. चावणं किती जोरात चालतं हे पिल्लू दुसऱ्या पिल्लाकडून शिकतं. जोरात चावलं की समोरचं ओरडतं आणि खेळ मोडतो. एकटं वाढलेलं पिल्लू हे माणसाच्या मनगटावर शिकतं, आणि मग सहा महिन्यांनी नवीन मालक म्हणतो की मांजर हल्ला करतं. तसंही आपला हात हे खेळणं करू नका, बोटं नाचवून तर मुळीच नाही, मोठं झाल्यावर तीच सवय दुखते.

चोखण्याचं मात्र आज बघा, उद्यावर टाकू नका. आई नसलेल्या पिल्लांत हे नेहमी होतं, लोकांना गोड वाटतं, फोटो काढतात. चोखणारं पिल्लू पोटाखाली नक्की कुठे चोखतंय ते त्या दुसऱ्याला उलटं करून बघा. बहुतेक वेळा ते शूच्या जागी असतं. तिथली कातडी लाल, सुजलेली, केस ओले आणि चिकटलेले असतील, तर दोघांना लगेच वेगळं करा. सुजून शूची वाट बंद झालेली पिल्लं मी पाहिली आहेत, त्यात जीव जाऊ शकतो. शू थेंबथेंब होतेय किंवा होतच नाही तर सरळ डॉक्टर. नुसतं लाल असेल तर खाण्याच्या वेळांतलं अंतर कमी करा, चोखणाऱ्याला जेवणानंतर एक केसाळ मऊ खेळणं द्या, आणि झोपायला मधे जाळी ठेवा म्हणजे एकमेकांची ऊब आणि वास मिळतो पण तोंड पोचत नाही. खेळताना, जेवताना तुमच्या डोळ्यांसमोर एकत्र. एक-दोन आठवड्यांत, घन खाण्यावर नीट आली की बहुतेकांची सवय सुटते.

वजनाचा काटा नसेल तर आजच आणा, स्वयंपाकघरातला ग्रॅमवाला चालतो. रोज एकाच वेळी, खाण्याआधी, वहीत लिहा. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ म्हणजे छान. एक दिवस तेवढंच राहिलं तर लक्ष ठेवा, दोन दिवस तेवढंच किंवा कमी झालं तर काहीतरी बिघडलंय, पिल्लू कितीही नाचत असलं तरी. माझ्याकडे एक तिरंगी मादी होती, तिघांत सगळ्यात उड्या मारणारी, तिचं वजन अडीच दिवस हललं नाही. शेवटी मी जेवताना बसून बघितलं तर तिचा भाऊ आपलं संपवायचा, तिच्या ताटलीत डोकं घालायचा आणि ती काही न बोलता बाजूला सरकून भिंतीकडे तोंड करून अंग चाटत बसायची. भांडण नाही, आवाज नाही. त्या दिवसापासून माझ्याकडे ताटल्या वेगळ्या आणि मधे हातभर अंतर. भित्र्या पिल्लाची ताटली तर भिंतीला पाठ लागेल अशी ठेवा, म्हणजे मागून कुणी येईल ही चिंता नाही.

लिटरचंही एक सांगून ठेवते, गोळा होणारं लिटर दोन-तीन महिन्यांपर्यंत वापरू नका, लहान पिल्लं ते खातात आणि पोटात ते फुगतं. ट्रे रोज साफ. घरात कुणी गरोदर असेल तर तिने ट्रेला हात लावू नये. आणि पिल्लाच्या कानावर, नाकाशेजारी केस गेलेला खवल्यांचा गोल चट्टा दिसला तर नायटा समजा, तो माणसांना होतो, आमच्या घरात एकदा सगळे दीड महिना खाजवत होते.

आता शेवटचा प्रश्न, की लळा लागला आणि दिलं तर काय. २०१९ मध्ये ओरेगन स्टेट विद्यापीठात एक प्रयोग झाला, पिल्लू आपल्या माणसाबरोबर अनोळखी खोलीत दोन मिनिटं, मग एकटं दोन मिनिटं, मग माणूस परत. साधारण ६४ टक्के पिल्लं माणूस परत आल्यावर त्याला भेटून, घासून, परत खोली बघायला निघून गेली. ही बिनधास्त पिल्लं. बाकीची एकतर चिकटून बसली किंवा टाळत राहिली. मला यातलं हे आवडतं की जे पिल्लू भेटून निघून जातं तेच जास्त भरवशाने जोडलेलं असतं. त्यामुळे तुमच्या अंगावरून उतरायलाच तयार नसलेलं पिल्लू बघून भरून येऊ देऊ नका, त्याला अजून काम बाकी आहे.

ते काम म्हणजे दुसरी माणसं. तुमच्याकडे मांडीवर यायला लागलं की दुसऱ्याच दिवसापासून चमचा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. मग शेजारची, मग जाड आवाजाचा एखादा पुरुष, मग शांत बसू शकणारं मूल, तुम्ही समोर असताना. रोज एक तरी. एकाच माणसाने वाढवलेली पिल्लं त्या माणसाशी जास्त खेळतात, पाच जणांनी हाताळलेली अनोळखी माणसाला कमी घाबरतात, हेही फार पूर्वीच तपासून झालंय, आणि आपल्याला दुसऱ्या प्रकारची हवी आहेत. मिक्सरचा आवाज, दाराची बेल, झाडू, कॅरिअरमध्ये बसून पाच मिनिटांची चक्कर, हे सगळं याच दिवसांत, लांबून आणि खाण्याबरोबर. अशी पिल्लं नऊ-दहा आठवड्यांची होऊन नव्या घरी गेली की एक-दोन दिवस लपतात, रात्री रडतात, तिसऱ्या दिवशी तिथल्या उशीवर असतात. खचतो आपण. मी दरवेळी ट्रे धुताना रडते, मग पुढचं पिल्लू येतं.

देताना शक्यतो जोडी द्या. पण सख्खे म्हणून तीच जोडी असं ठरवून टाकू नका. तिघं एकत्र आल्यावर आठवडाभर रात्री बघा, कोण कोणाच्या मानेवर हनुवटी टाकून झोपतं, कोण कोणाला चाटतं. माझ्याकडे कितीदा तरी उपरं आलेलं पिल्लूच एका भावंडाला असं चिकटलंय की दुसरा सख्खा भाऊ एकटा आनंदात राहिला, ज्या घरात आधीच एक मांजर होतं तिथे. जोडीबरोबर तेच खाणं, तेच लिटर आठवडाभर पुरेल इतकं द्या, आणि झोपायचं फडकं न धुता. नव्या घरच्यांना सांगा की पहिले काही दिवस एकच खोली, अख्खं घर नको, सोफ्याखालच्या फटी आधी बंद करा.

आत्ता मात्र आधी ते चोखणाऱ्याचं बघा, मग सोफा सरकवा. रात्री तिघांचं वजन करून वहीत लिहा, आणि चार दिवसांनी तिसऱ्याने चमचा चाटला की नाही ते मला कळवा.